सनदी शाळेचा पट : आकडे काय सांगतात आणि काय झाकून ठेवतात

शाळेच्या कारभारात 'पट' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्यात किती गोष्टी सामावलेल्या आहेत याचा विचार क्वचितच होतो. पटावर नाव असलेले मूल, वर्गात येणारे मूल आणि वर्षअखेर त्याच शाळेत राहिलेले मूल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचप्रमाणे पटावर किती मुले आहेत हा एक प्रश्न झाला. ती कोणाची मुले आहेत हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर शाळेचे अस्तित्व अवलंबून असते आणि दुसऱ्याच्या उत्तरावरून ती शाळा खरोखर सर्वांची आहे की नाही हे ठरते.

हे दोन्ही प्रश्न जेथे फार ठळकपणे पुढे आले, असे एक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील 'चार्टर स्कूल' होय. त्यांतही सहावी ते आठवी एवढ्याच इयत्तांची, शंभर-सव्वाशे मुलांची लहान शाळा घेतली तर पटाचे सारे गणित जणू भिंगाखाली पाहावयास मिळते. आपल्याकडील परिस्थिती निराळी आहे, कायदे निराळे आहेत. तथापि पटाचे आकडे वाचताना होणाऱ्या चुका मात्र सर्वत्र सारख्याच असतात. म्हणून या शाळांचा परिचय शिक्षक, अधिकारी आणि पंचायतींचे सदस्य यांना उपयुक्त ठरावा.

सनदी शाळा म्हणजे काय?

चार्टर म्हणजे सनद. सार्वजनिक पैशावर चालणारी, फी न घेणारी, कोणत्याही धर्मपंथाशी निगडित नसलेली, परंतु स्थानिक शिक्षण मंडळाच्या दैनंदिन नियंत्रणाबाहेर असलेली शाळा म्हणजे सनदी शाळा. शिक्षकांचा, पालकांचा किंवा एखाद्या संस्थेचा गट राज्याच्या कायद्यानुसार नेमलेल्या अधिकार मंडळाशी करार करतो. काय शिकवू, कोणाला शिकवू आणि किती प्रगती दाखवू हे त्या करारात लिहिलेले असते. सनद ठरावीक मुदतीची असते; अनेक ठिकाणी ही मुदत पाच वर्षांची आहे. मुदतीअखेर काम समाधानकारक नसेल तर सनदेचे नूतनीकरण होत नाही आणि शाळा बंद होते. नियमांतून सूट आणि त्या बदल्यात जबाबदारी, असा हा व्यवहार आहे.

या कल्पनेचे मूळ रे बड या शिक्षणतज्ज्ञाच्या लेखनात आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष आल्बर्ट शँकर यांनी ती जाहीर व्याख्यानात मांडली आणि तिच्याकडे देशाचे लक्ष गेले. शिक्षकांना नवे प्रयोग करण्यासाठी मोकळीक मिळावी, असा त्यांचा हेतू होता. पुढे या शाळांनी घेतलेल्या वळणावर शँकर यांनीच टीका केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली सनदी शाळा सुरू झाली. ती शिक्षण अर्धवट सोडलेल्या तरुणांसाठी होती.

त्यानंतर हा प्रकार झपाट्याने पसरला. आज चाळीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. २०१० मध्ये या शाळांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १८ लाख होती. २०२१ मध्ये ती सुमारे ३७ लाख झाली आणि शाळांची संख्या सुमारे ७,८०० पर्यंत पोहोचली. सार्वजनिक शाळांतील एकूण विद्यार्थ्यांपैकी सुमारे सात टक्के विद्यार्थी आता सनदी शाळांत शिकतात.

पट आणि पैसा

सनदी शाळेला नेमून दिलेला विभाग नसतो. अमुक वस्तीतील मुले आपोआप तिच्या पटावर येत नाहीत. पालकांनी निवड केली तरच मूल येते आणि मूल आले तरच अनुदान येते, कारण अनुदान दरडोई असते. म्हणून पट हा या शाळेचा केवळ अहवालातील आकडा नसून तिचा श्वासच आहे.

ही मुले मोजावयाची केव्हा आणि कशी, याच्या पद्धती राज्याराज्यांत वेगवेगळ्या आहेत. मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या बुधवारी गणना होते. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या राज्यांत मात्र पटावरील संख्येऐवजी सरासरी दैनंदिन उपस्थिती हा अनुदानाचा मुख्य आधार असतो. दोन्ही पद्धतींचे परिणाम निराळे आहेत. गणनेचा एकच दिवस असेल तर त्या दिवशी वर्ग भरलेला दिसावा, अशी खटपट होते. उपस्थितीवर पैसा असेल तर मुलाने रोज यावे यासाठी शाळा झटते. परंतु आजारी, गरीब आणि अस्थिर घरांतील मुले ज्या शाळेत अधिक, तिचेच उत्पन्न कमी होते. म्हणजे ज्या शाळेला मदतीची गरज अधिक तिलाच ती कमी मिळते.

लहान शाळेत हा प्रश्न किती नाजूक असतो हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शाळेत प्रत्येक इयत्तेत ४० याप्रमाणे १२० मुले अपेक्षित आहेत आणि दरडोई अनुदान १० हजार डॉलर आहे. प्रत्यक्षात ११२ मुले आली तर ८० हजार डॉलर कमी मिळतील. ही रक्कम साधारणतः एका शिक्षकाच्या वार्षिक वेतनाइतकी किंवा त्याहून थोडी अधिक होते. मुले मात्र तिन्ही इयत्तांत विखुरलेली असतात. एका वर्गात तीन कमी झाली म्हणून वर्ग बंद करता येत नाही, शिक्षक कमी करता येत नाही, इमारतीचे भाडेही कमी होत नाही. मोठ्या शाळेत आठ मुले गेल्याचे जाणवतही नाही. लहान शाळेत त्याच आठांमुळे गणिताचा किंवा विज्ञानाचा शिक्षक जातो. पुरेसा पट न मिळाल्याने पैशाअभावी सनदी शाळा बंद पडल्याची उदाहरणे म्हणूनच विरळ नाहीत.

तीन इयत्तांच्या शाळेची अडचण

अमेरिकेत मधल्या शाळेत सर्वसाधारणपणे सहावी ते आठवी, काही ठिकाणी पाचवी ते आठवी, असे वर्ग असतात. पहिलीपासूनच्या शाळेत आलेले मूल अनेक वर्षे त्याच शाळेत राहते. तीन इयत्तांच्या शाळेत मात्र दरवर्षी एक तृतीयांश मुले बाहेर पडतात आणि तितकीच नव्याने मिळवावी लागतात. १२० च्या शाळेला दरसाल ४० नव्या पालकांचे मन वळवावे लागते. एक वर्ष भरती कमी झाली तर तो खड्डा पुढील तीन वर्षे त्या तुकडीबरोबर वर सरकत राहतो.

ही मुले आजूबाजूच्या प्राथमिक शाळांतून येतात. तेथील पाचवीचा वर्ग लहान झाला, वस्तीत घरभाडी वाढली, एखादा कारखाना बंद पडला किंवा दुसरी शाळा जवळ उघडली, तर शिकवण्यात काही उणे नसतानाही पट घसरतो. म्हणून पट घटला म्हणजे शाळा वाईट, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. जन्माचे प्रमाण, स्थलांतर आणि स्पर्धा यांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय पटाचा अर्थ लागत नाही.

सोडत आणि तिच्या आधीची चाळणी

जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर काय करावयाचे? केंद्र शासनाच्या सनदी शाळा योजनेतून साहाय्य घेणाऱ्या शाळांना सोडत काढणे बंधनकारक आहे. आधीपासून शिकणाऱ्या मुलांची भावंडे आणि शाळेतील कर्मचाऱ्यांची मुले यांना काही प्रमाणात प्राधान्य देता येते. गरीब किंवा अन्य दृष्टीने मागे पडलेल्या मुलांच्या चिठ्ठीला अधिक वजन देणारी सोडतही, राज्याचा कायदा आड येत नसेल तर, काढता येते.

सोडत निष्पक्ष असते यात शंका नाही. परंतु सोडतीच्या पेटीत चिठ्ठी कोणाची पडते हा तिच्या आधीचा प्रश्न आहे. अर्जाची मुदत कोणाला कळली? अर्ज पालकांच्या भाषेत होता काय? अनेक राज्यांत सनदी शाळेवर मुलांच्या वाहतुकीची सक्ती नाही. मग ज्यांच्याकडे मोटार नाही त्या घरांनी मुलाला कसे पोहोचवावे? अपंग मुलासाठी खास शिक्षक आहे काय, हे अर्ज करण्यापूर्वीच पालक विचारतात आणि उत्तर समाधानकारक नसेल तर अर्जच करीत नाहीत. कोणीही कोणालाही दारातून परत पाठविले नाही, तरीही काही मुले दारापर्यंत पोहोचलीच नाहीत, असे घडू शकते. पटाची घडण तपासण्याचे महत्त्व येथे आहे.

पटाची घडण

अमेरिकेत विद्यार्थ्यांची नोंद वंश आणि वांशिक मूळ यांनुसार सात गटांत करण्याची पद्धत २०१०-११ या वर्षापासून रूढ झाली. हिस्पॅनिक, गौरवर्णीय, कृष्णवर्णीय, आशियाई, मूळ अमेरिकी, पॅसिफिक बेटांवरील आणि एकाहून अधिक वंशांचे, असे ते गट होत. २०२१ मध्ये सनदी शाळांतील विद्यार्थ्यांत हिस्पॅनिक सुमारे ३६ टक्के, गौरवर्णीय २९ टक्के आणि कृष्णवर्णीय २४ टक्के होते. देशातील सर्व सार्वजनिक शाळा एकत्र घेतल्या तर हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे २८, ४५ आणि १५ टक्के असे होते.

या तुलनेवरून सनदी शाळांनी अल्पसंख्याक मुलांना अधिक सामावून घेतले, असे काहीजण म्हणतात. त्याच आकड्यांवरून या शाळांनी वंशावंशांतील दुरावा वाढविला, असेही काहीजण म्हणतात. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट विसरता कामा नये. निम्म्याहून अधिक सनदी शाळा शहरांत आहेत आणि शहरांतील वस्तीची घडण देशाच्या सरासरीसारखी नाही. एखाद्या शाळेची तुलना देशाशी किंवा राज्याशी न करता ज्या वस्तीतून मुले येतात त्या वस्तीशी केली पाहिजे. शेजारच्या सार्वजनिक शाळेतही तेच प्रमाण असेल तर दोष किंवा श्रेय शाळेचे नसून वस्तीचे आहे. प्रमाणात मोठी तफावत असेल तरच पुढचा प्रश्न विचारावयाचा.

शिवाय हे गट फार ढोबळ आहेत. सेंट पॉल शहरात लाओस देशातून निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग समाजाची मोठी वस्ती आहे. त्या समाजातील मूल आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या मराठी अभियंत्याचे मूल, ही दोन्ही 'आशियाई' या एकाच रकान्यात येतात. एकाच्या घरी इंग्रजीचा गंध नसेल, दुसऱ्याच्या घरी आईवडील दोघेही पदवीधर असतील. रकाना एक म्हणून गरजा एक, असे समजणे चुकीचे ठरेल.

गरिबी कोणत्या मापाने मोजावी?

मुलांच्या आर्थिक स्थितीसाठी अमेरिकेत बराच काळ एकच माप वापरले गेले : शाळेत मोफत किंवा सवलतीच्या दराने भोजन मिळण्यास पात्र असलेली मुले किती? कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर भोजन मोफत आणि १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत, असा नियम आहे. वरवर पाहता माप सोपे आहे. व्यवहारात ते फसवे ठरते.

२०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतील शाळांना सर्वच मुलांना मोफत भोजन देण्याची मुभा मिळाली. गरीब घरांतील मुलांना सर्वांसमोर वेगळे ओळखले जाण्याची लाज वाटू नये आणि अर्जांची कटकट वाचावी, हा तिचा मोठा लाभ होय. परंतु त्यामुळे अशा काही शाळांच्या कागदावर शंभर टक्के मुले गरीब दिसू लागली. उलट एखादी लहान सनदी शाळा स्वयंपाकघराच्या अभावी या भोजन योजनेत सहभागीच नसेल आणि उत्पन्नाचे अर्जही गोळा करीत नसेल, तर तिच्या नोंदीत गरीब मुले जवळजवळ नाहीतच, असे दिसेल. दोन्ही शाळा एकाच रस्त्यावर असू शकतात. योजनेत सहभागी असणे आणि गरीब असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा त्यातून मिळतो.

अपंग मुलांच्या बाबतीतही असेच प्रश्न आहेत. १९७५ च्या कायद्यानुसार प्रत्येक अपंग मुलाला योग्य आणि मोफत सार्वजनिक शिक्षण मिळणे हा त्याचा हक्क आहे आणि सनदी शाळांना त्यातून सूट नाही. अमेरिकेच्या केंद्रीय लेखातपासणी कार्यालयाने २०१२ मध्ये दाखवून दिले की, २००९-१० या वर्षी अन्य सार्वजनिक शाळांत अपंग मुलांचे प्रमाण सुमारे ११ टक्के, तर सनदी शाळांत सुमारे ८ टक्के होते. या तफावतीची कारणे अनेक असू शकतात. पालकच अर्ज करीत नसतील. शाळा त्यांना सौम्य शब्दांत दुसरीकडे जाण्यास सुचवीत असेल. किंवा शाळा मुलाला अपंग असा शिक्का न लावता वर्गातच मदत करीत असेल. पहिले कारण असेल तर प्रसाराची गरज आहे, दुसरे असेल तर तो कायद्याचा भंग आहे आणि तिसरे असेल तर ते कौतुकास्पदही ठरू शकते. आकडा तिन्ही वेळा एकच असतो.

लहान संख्येची फसगत

लहान शाळेच्या बाबतीत टक्केवारी हे शस्त्र फार जपून वापरावे लागते. मघाच्या १२० मुलांच्या शाळेत १२ अपंग मुले आहेत, असे समजा. प्रमाण १० टक्के झाले. पुढील वर्षी त्यांतील चार मुले आठवी पूर्ण करून गेली आणि नव्या तुकडीत एकच आले. आता संख्या ९, म्हणजे साडेसात टक्के. अहवालात लिहिले जाईल की, एका वर्षात अपंग विद्यार्थ्यांचे प्रमाण एक चतुर्थांशाने घटले. प्रत्यक्षात फरक तीन मुलांचा आहे आणि तो योगायोगही असू शकतो. म्हणून अशा शाळेचे एका वर्षाचे प्रमाण पाहून निर्णय न घेता तीन किंवा चार वर्षांची सरासरी पाहावी.

दुसरी अडचण उलट बाजूची आहे. १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्यांच्या माहितीची गोपनीयता राखणे आवश्यक केले. एखाद्या गटात पाच-सहाच मुले असतील तर त्यांचा निकाल प्रसिद्ध केल्याने मूल ओळखले जाईल. म्हणून तो आकडा झाकला जातो. तसेच २०१५ च्या शिक्षण कायद्यानुसार प्रत्येक गटाची प्रगती स्वतंत्रपणे पाहावयाची असली तरी, गट किती मुलांचा असेल तेव्हा तो मोजावा हे राज्याने ठरवावयाचे असते. राज्याने किमान संख्या २० ठरविली, तर १२ अपंग मुलांच्या शाळेत त्या गटाची जबाबदारी कागदोपत्री उरतच नाही. मोठ्या शाळेत जे मूल आकड्यात दिसते, तेच मूल लहान शाळेत आकड्यांतून अदृश्य होते. गोपनीयता हवीच, परंतु जे लोकांना दिसत नाही ते तपासणी अधिकाऱ्याने तरी पाहिले पाहिजे.

मध्येच गेलेली मुले

मधल्या शाळेच्या पटातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग म्हणजे गळती. येथे 'किप' या शाळासमूहाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९९४ मध्ये ह्यूस्टन शहरात दोन तरुण शिक्षकांनी पाचवीच्या एका वर्गापासून हे काम सुरू केले आणि पुढे गरीब वस्त्यांतील पाचवी ते आठवीच्या शाळांमुळे हा समूह देशभर नावारूपास आला. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील या समूहाच्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी चार शाळांत २००३-०४ मध्ये पाचवीत आलेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुले आठवी पूर्ण करण्यापूर्वीच शाळा सोडून गेली होती, असे त्यात आढळले. या आकड्याने मोठी खळबळ उडाली.

तथापि पुढे समूहाच्या अधिक शाळा घेऊन झालेल्या अभ्यासांत दिसून आले की, एकंदरीने तेथील गळती आजूबाजूच्या सार्वजनिक शाळांहून विशेष अधिक नव्हती; गरीब वस्त्यांत सर्वच शाळांतून मुले सतत ये-जा करीत असतात. मग फरक कोठे होता? फरक रिकाम्या जागा भरण्यात होता. सार्वजनिक शाळेला मध्येच आलेले मूल घ्यावेच लागते. या शाळांत वरच्या इयत्तांत रिकाम्या झालेल्या जागांवर कमी मुले घेतली जात आणि जी येत ती अभ्यासात तुलनेने पुढे असत.

याचा परिणाम निकालावर कसा होतो हे पुन्हा काल्पनिक आकड्यांनी पाहू. सहावीत ४० मुले आली. त्यांपैकी १२ गेली आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. आठवीत २८ उरली व त्यांतील २६ उत्तीर्ण झाली. निकाल लागला ९३ टक्के. परंतु शाळेने ज्या ४० मुलांना आत घेतले त्यांच्या हिशेबाने शाळेतून यशस्वीपणे बाहेर पडलेली मुले ६५ टक्केच आहेत. गेलेली बारा मुले दुसरीकडे उत्तीर्णही झाली असतील. पण ती का गेली, हे विचारल्याशिवाय ९३ टक्क्यांचे अभिनंदन करणे योग्य नव्हे. घर बदलले म्हणून गेली, की नापास होण्याच्या भीतीने गेली, की वर्गात त्यांची कोणी दखल घेतली नाही म्हणून गेली? शाळेची खरी परीक्षा या उत्तरात असते.

कोणाला लाभ झाला?

पटाची घडण इतक्या बारकाईने का पाहावयाची, याचे उत्तर २०१० च्या आणखी एका अभ्यासाने दिले. अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी झालेल्या या पाहणीत १५ राज्यांतील ३६ सनदी मधल्या शाळा घेण्यात आल्या. या शाळांत जागांपेक्षा अर्ज अधिक होते. सोडतीत नाव निघालेली आणि न निघालेली मुले यांची तुलना केली गेली. दोन्ही गटांतील पालकांनी अर्ज केलेला असल्याने ही तुलना न्याय्य होती. एकंदर सरासरी काढली तेव्हा दोन्ही गटांच्या प्रगतीत विशेष फरक आढळला नाही. परंतु मुलांची विभागणी करून पाहताच चित्र बदलले. गरीब आणि मागे पडलेल्या मुलांच्या शाळांत गणिताच्या प्रगतीवर अनुकूल परिणाम दिसला. सुस्थितीतील मुलांच्या शाळांत तो उलट, प्रतिकूल होता. सरासरीने दोन्ही गोष्टी झाकल्या होत्या. पटावर कोण आहे हे न पाहता 'ही शाळा चांगली की वाईट' असे विचारणे निरर्थक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

आपल्याकडील विचारासाठी

आपल्याकडे सनदी शाळा नाहीत. परंतु पट, सोडत आणि गळती हे तिन्ही शब्द आपल्याला परिचित आहेत. ३० सप्टेंबरच्या पटावरून संच मान्यता ठरविण्याची पद्धत मिशिगनच्या गणनादिनाची आठवण करून देते. एका दिवसाच्या आकड्यावर भिस्त ठेवल्यास काय होऊ शकते याचा अनुभव २०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीने आपणांस दिला. कागदावरील पट आणि बाकावरील मूल यांत अंतर पडू शकते, हे त्या वेळी उघड झाले.

ऊसतोडीच्या भागात तर हे अंतर हंगामाप्रमाणे पडते. सप्टेंबरात पटावर आणि वर्गात असलेले मूल दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर गेलेले असते. सहावी ते आठवी या वयात मूल कामाला हातभार लावण्याजोगे होते, धाकट्या भावंडाला सांभाळण्याजोगे होते. मुलगी असेल तर शाळा सुटण्याचा धोका अधिकच. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड हे उपाय याच मुलांसाठी योजलेले आहेत. त्यांचा लाभ किती मुलांना झाला हे पाहण्यासाठी सप्टेंबरच्या पटाशेजारी जानेवारीची हजेरी ठेवली पाहिजे.

बालकांच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीसाठी किमान ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा असे म्हटले. लहान गावातील पट घसरला की याच शिक्षकांचा प्रश्न प्रथम उभा राहतो. त्याच कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या आणि आपल्या राज्यात अर्ज अधिक असल्यास त्या सोडतीने भरल्या जातात. येथेही सोडतीआधीचा प्रश्न तोच आहे : ज्या घरासाठी जागा ठेवली, त्या घरापर्यंत अर्जाची माहिती पोहोचली काय? आणि आत आलेले मूल आठवीपर्यंत टिकले काय?

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, अशी कायद्याची अपेक्षा आहे. या समितीने आणि ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा शाळेच्या नोंदवह्या समोर ठेवून पाच साधे प्रश्न विचारावेत. पटावर किती मुले आहेत आणि आज वर्गात किती आहेत? गावातील या वयाची कोणती मुले पटावर नाहीत? दोन वर्षांपूर्वी सहावीत आलेल्यांपैकी किती आठवीत आहेत? जी गेली ती कोठे आणि कशामुळे गेली? वस्तीवरची, पाड्यावरची, अपंग आणि स्थलांतरित घरांतील मुले पटात त्यांच्या संख्येच्या मानाने आहेत काय? या प्रश्नांसाठी संगणकाची किंवा तज्ज्ञाची गरज नाही. लहान शाळेत टक्केवारी फसवी असते. पण लहान शाळेचा एक मोठा लाभही आहे. तेथे टक्केवारीची आवश्यकताच नसते, कारण प्रत्येक मुलाचे नाव घेता येते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात शिक्षणावरील खर्चाचा लाभ प्रत्यक्ष कोणत्या वर्गांच्या मुलांना मिळतो, हाच प्रश्न उपस्थित केला होता. पटावरील संख्या वाढणे ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु ती मुले कोणाची आहेत, ती रोज येतात काय आणि शेवटपर्यंत टिकतात काय, हे पाहिल्याशिवाय ते समाधान पुरे होत नाही. सेंट पॉलच्या शाळेला जे लागू आहे तेच आपल्या तालुक्यातील दोन शिक्षकी शाळेलाही लागू आहे. हजेरीपटावरील प्रत्येक ओळ हे एक मूल आहे आणि रिकामी राहिलेली प्रत्येक ओळ हेही एक मूलच आहे. त्या रिकाम्या ओळीची चौकशी करणे हे शिक्षक, अधिकारी आणि पंचायत या तिघांचेही कर्तव्य होय.